पलंगाखालचा कोयता

ऐतिहासिक कादंबरीबद्दलचं माझं मत चारा छावणीत पक्कं झालं आणि आजवर त्यात फरक पडलेला नाही. ज्या लेखकाला घोड्याच्या पोटाची काळजी नाही, त्यानं लढाई लिहू नये.

खरं तर हे मत माझं नव्हे, एका आजीचं. मी मोठ्यानं वाचत होतो. सरदार वीस हजार घोडा घेऊन खिंडीतून निघाले होते. मिशीला पीळ, तलवारीची मूठ रत्नांची, मागं धुळीचा लोट. आजी शेणाची पाटी खाली ठेवून ऐकत उभी होती. ती म्हणाली, "थांब रं. एवढी घोडी चालली, त्यांनी पाणी कुठं पिलं?"

मी पान उलटलं. मागचंही पाहिलं. पाणी नव्हतं.

"आन् वैरण?"

वैरणही नव्हती.

"मग ती लढाईपतूर पोचतील कशी?" आजीनं पाटी डोक्यावर घेतली. "उद्या दुसरं पुस्तक आण. ह्यातली घोडी खिंडीतच मेली."

मी बी.ए.ला मराठी घेतलेलं. ऐतिहासिक कादंबरीचे पाच गुण आणि पाच दोष मला पाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ओळीनं सांगितले असते. त्या दहांत पाण्याचं नाव नव्हतं.

आष्टी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचा मी पहिला पदवीधर. निकाल लागला तो पावसाळ्यात, म्हणजे कॅलेंडरात ज्याला पावसाळा म्हणतात त्यात. आकाशाला त्याची खबर नव्हती. पुढच्याच महिन्यात जयंतीच्या कार्यक्रमात वस्तीनं मला मंचावर बोलावून फुलं दिली, एकानं माझ्यावर भाषण केलं, आणि पंधराव्या दिवशी मी म्हशींची हजेरी घ्यायला लागलो. गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली होती. जनावरं दावणीला, त्यांच्याशेजारी ताडपत्रीखाली माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध पत्र्याच्या सावलीत टेबल टाकून मी. सकाळी कुणाची किती जनावरं आली ते लिहायचं, दुपारी वैरण वाटली ते लिहायचं. वैरण म्हणजे ऊस. सहा महिने कारखान्यासाठी ऊस तोडून आलेली माणसं छावणीत पुन्हा उसाचेच तुकडे करत बसायची. फरक एवढाच की आता तो बैलांना खाऊ घालायचा.

वाटप झालं की दिवस मावळेपर्यंत मला काम नसायचं. तालुक्याच्या वाचनालयाचं माझं कार्ड होतं. बाजाराच्या दिवशी सायकलवर जाऊन तीन पुस्तकं आणायचो आणि टेबलाशी बसून वाचायचो. एक दिवस तीच आजी म्हणाली, "तोंडातल्या तोंडात काय खातुयास? आमाला बी वाढ की." त्या दिवसापासून छावणीत कादंबरी मोठ्यानं वाचायची पद्धत पडली. ऊन कलतं झालं की लोक पोतं घेऊन पत्र्याखाली यायचे. बैल रवंथ करायचे, लोक ऐकायचे, आणि मी तीन वर्षं जे शिकलो ते एकेक करून मोडीत निघायचं.

भुताच्या गोष्टी आणल्या. जुन्या विहिरीत एका बाईचं भूत राहायचं आणि अमावास्येला पाण्याचा आवाज यायचा. मी आवाज खोल काढून वाचलं. छावणी एकदम शांत झाली. मला वाटलं, घाबरले. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "पाणी किती परसावर हाय?" पाणी किती खोल, विहीर कुठल्या बाजूला खोदली, दगड काळा की मुरूम, यावर अर्धा तास चर्चा झाली. भूत तसंच विहिरीत राहून गेलं. माझं मत विचाराल तर भयकथा ही पाऊसपाणी बरं असलेल्या तालुक्यांसाठी असते. आमच्याकडं भरलेली विहीर दिसली की माणूस आत डोकावणारच, खाली कोण का असेना.

एक विज्ञान कादंबरी आणली. माणसं मंगळावर वस्ती करतात आणि जमिनीखाली बर्फ शोधतात. ही मात्र लोकांना पहिल्या पानापासून पटली. लाल माती, वारा, पाण्याचा पत्ता नाही, वरून येणाऱ्या यानाची वाट बघायची. "ह्यो लेखक आपल्याकडं येऊन गेलेला हाय," एकानं सांगितलं. यान तीन महिने उशिरा येतं तेव्हा तर छावणी खवळलीच. "टँकरवाल्याला फोन करा म्हणावं!" पण शेवटी त्यांना अमाप पाणी सापडतं, तिथं सगळ्यांचं मन उडालं. आजी म्हणाली, "इतका येळ खरं बोलत हुता."

आणि ग्रामीण कादंबरी. त्या कादंबरीचा नायक शेवटी मरतो. लेखकानं मरणाला अकरा पानं दिली होती, आणि मी ती जीव ओतून वाचली. कुणी हललं नाही. एकानं तंबाखू मळली. पण त्याच्या आधीच्या प्रकरणात भाऊबंदकीतून कडब्याची गंजी पेटवलेली होती. तिथं बायकांनी तोंडाला पदर लावला, एका म्हाताऱ्यानं "पुढचं नगं वाचू" म्हणून हात वर केला, आणि त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं. लेखकाचा हात कुठं हलका आणि कुठं जड पडतो हे लेखकाला माहीत नसतं, असं माझे प्राध्यापक म्हणायचे. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. कळलं छावणीत.

आता मूळ गोष्टीकडं येतो. मी हे सगळं वाचत होतो तेव्हा माझा थोरला भाऊ आणि वहिनी एकमेकांशी बोलत नव्हते.

मी शिकलो तो दादा-वहिनीच्या कोयत्यावर. आमच्याकडं हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक कोयता हातात धरायचा. दुसरा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कारखान्यावर ऊस तोडायला निघालेली टोळी माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात, म्हणून दोघांचा मिळून एक कोयता. एकटाच कुणी निघाला तर तो अर्धा कोयता. माझ्या तीन वर्षांच्या बी.ए.ला दादा-वहिनीचे तीन हंगाम गेले. हे मी लपवत नाही. उलट माझ्या पदवीच्या कागदावर दोघांच्या सह्या पाहिजे होत्या, असं माझं मत आहे.

त्या वर्षी हंगामावरून आल्या आल्या वहिनीनं सांगितलं, "भावजींचं शिक्षान झालं. आता मी न्हाई जायची." तिची एक म्हैस गाभण होती. गावात बायकांची दूध संस्था निघणार अशी बोलणी चालली होती, आणि वहिनीनं मनात तिथं नाव नोंदवूनही टाकलं होतं. दादा यावर काही बोलला नाही. दादाचं गप्प बसणं वहिनीनं होकार धरलं. दादानं स्वतःचं गप्प बसणं नकार धरलं होतं. असा तो कारभार.

मग एका सकाळी मुकादम छावणीत आला. पुढच्या हंगामाची टोळी जमवायची होती. त्याच्या हातात नवी कोरी वही, पण चष्मा घरी राहिलेला. माझं टेबल बघून तो थेट आला. "बी.ए. सायेब, तुमचं अक्षर म्हंजे नुसतं मोत्ये. एवढी नावं लिव्हा बरं."

मी फुगलो. गडी येऊन नाव सांगायचा, मी नाव लिहायचो आणि पुढं "एक कोयता." ओळीखाली ओळ, सगळे काने सरळ, सगळ्या वेलांट्या एका मापाच्या. दादा आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "लिही." मी माझ्या सख्ख्या भावाचं नाव लिहिलं. पुढं लिहिलं, एक कोयता. वहिनी तेव्हा पन्नास पावलांवर म्हशीला पाणी दाखवत होती. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आलं एवढंच, की पान काय सुरेख दिसतंय.

संध्याकाळपर्यंत वहिनीला कळलं की आपला कोयता लिहिला गेला. मुकादमाची वही म्हणजे मुकादमाचंच अक्षर असं तिनं धरलं, आणि गड्यांपैकी कुणी तिला दुरुस्त केलं नाही. "मला न इचारता माझा अर्धा कोयता देऊन आला," असं ती सगळ्या दावणीला सांगत फिरली. मलाही सांगितलं. मी वाईट वाटल्यासारखं तोंड करून मान हलवली. मान हलवायला बी.ए. लागत नाही, पण असली तर मान जरा जास्त विचारपूर्वक हलते.

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. दादा बैलांपाशी, वहिनी म्हशीपाशी, मध्ये मी. "भावजी, तुमच्या भावाला सांगा, मीठ संपलंय." "तुझ्या वहिनीला सांग, आणतो." दोघांमध्ये दहा हात अंतर, आणि निरोप घेऊन फिरणारा पदवीधर. पण वाचनाला दोघंही न चुकता यायचे. दादा एका टोकाला पाण्याच्या पिंपाला टेकून, वहिनी दुसऱ्या टोकाला बायकांत.

मला वाटलं, प्रेमकथा आणावी. उगाच नव्हे. कॉलेजात शिकवलं होतं की साहित्य मनं जोडतं. ते किती दिवसांत जोडतं हे शिकवलं नव्हतं.

कादंबरी शहरातली होती. नायक इमारती बांधणारा, नायिका गाणं शिकवणारी. लग्नाला दोन वर्षं झालेली. एका संध्याकाळी काहीतरी गैरसमज होतो आणि पुढं पाऊणशे पानं दोघं एकाच घरात न बोलता राहतात. तो गॅलरीत, ती खिडकीत. मला ती फार आवडली होती. मी लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की ह्यात मनाचं सूक्ष्म चित्रण आहे.

चौथ्या दिवशी दादा पिंपाकडं बघत म्हणाला, "त्यानं इचारायला पायजे हुतं, हे मान्य. पर तिनं बी मोकळं बोलावं की. तोंड शिवून बसल्यावर माणसाला काय कळतंय?"

वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, तिनं सांगितलंय. गच्चीवर दोघं गेलते तवा. ते परत वाचा."

मी मागं जाऊन शोधलं. होतं. ती सांगते आणि तो चंद्राकडं बघत असतो.

दादा म्हणाला, "असं हळू सांगितलं तर कुणाला ऐकू येतंय?"

"हळू असं लिव्हलंय का, बघा भावजी."

मी बघितलं. "'ती ठामपणे म्हणाली' असं लिहिलंय."

बायकांत एकदम हशा. दादानं टोपी काढली, झटकली, परत घातली. "मग चंद्राचंच चुकलं म्हणायचं," तो म्हणाला.

"चंद्राचं न्हाई," वहिनी म्हणाली, पुन्हा माझ्याचकडं बघून. "त्याला वाटत हुतं, ही कुठं जातीय. असंलच की घरात."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की हे दोघं कादंबरीवर बोलत नाहीयेत. मग मला ते रोज ऐकू यायला लागलं. दादा नायकाची बाजू घ्यायचा, वहिनी नायिकेची, आणि मी पंचासारखा पानं उलटून कोण काय बोललं ते दाखवायचो. त्या लेखकाला इतके बारीक वाचक दुसरीकडं कुठं मिळाले असतील असं मला वाटत नाही. आजीनं शेवटी निकाल दिला: "ह्या दोघांत एक म्हस असती तर तिसऱ्या दिवशी बोलली असती. धार कुणी काढायची हे तरी इचारावं लागतंय." प्रेमकथेबद्दल याहून नेमकं मी अजून वाचलेलं नाही. पण आमच्या दादा-वहिनीत म्हैस होती आणि तरी ती बोलत नव्हती, कारण निरोप न्यायला मी होतो. आणि वहीतलं अक्षर माझं होतं. ते मला आता रोज टोचत होतं. सांगू सांगू म्हणत मी कादंबरी बदलली.

रहस्यकथा आणली. मला वाटलं, ह्यात नवरा-बायको नाहीत, चारा नाही, पाणी नाही, नुसता खून आहे. निवांत वाचू.

थंड हवेच्या गावातला एक बंगला. पाऊस, धुकं, लाकडी जिना. बंगल्याचे मालक सकाळी मेलेले सापडतात. इन्स्पेक्टर येतात, खोलीभर नजर टाकतात, वाकतात. मी थांबलो, सगळ्यांकडं पाहिलं, आणि वाचलं, "पलंगाखाली एक कोयता होता."

आजीनं गालावर हात ठेवला. "अगं बया! दोघं बी?"

मला कळेना. "दोघं कोण?"

"नवरा-बायकू. मालक वर मेलेला आन् ही खाली."

"पलंगाखाली मावली कशी गं?" दुसरीनं विचारलं.

"गरिबाला मावावं लागतंय," आजी म्हणाली.

मी हसलो तो असा हसलो की पुस्तक हातातून पडलं. मग पदवी आठवून गंभीर झालो आणि समजावलं, की हा कोयता म्हणजे हत्यार, लोखंडाचा, मूठ असलेला. आजीला ते पटलं नाही. "मग हत्यार म्हणावं. कोयता कशाला म्हणायचं? उगी माणसाच्या जिवाला घोर." मी पुढं वाचायला घेतलं, पण आता काही उपयोग नव्हता. लेखकानं प्रत्येक ओळ जणू आमच्यासाठीच लिहिली होती.

"'हा कोयता इथला नाही,' इन्स्पेक्टर म्हणाले. 'बाहेरून आलेला दिसतोय.'"

"आष्टीकडचाच असणार!" मागून एकजण ओरडला.

"गेवराईचा बी असंल की बे. समदं आपल्यावरच का ओढून घेतुस?"

"मुकादम कोण हाय ते इचारा म्हणावं!"

"'या कोयत्याला कुणी हात लावायचा नाही,' त्यांनी हवालदाराला बजावलं."

"हां! मानूस चांगला हाय इन्स्पेक्टर."

"'कोयता जुना आहे,' ते म्हणाले. 'मूठ सैल झालीय.'"

काही बायकांनी वहिनीकडं पाहिलं, काही गड्यांनी दादाकडं. दादा जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. मी घाईनं पुढची ओळ वाचली, कारण थांबलो असतो तर अवघड झालं असतं. ती ओळ त्याहून अवघड निघाली.

"'प्रश्न एवढाच आहे, की हा कोयता इथं आणला कुणी?'"

"हां," वहिनी म्हणाली. "आता आलं पुस्तक मुद्द्यावर. वाचा भावजी. कुणी आणला?"

मला पुढची ओळ दिसत होती. वाचता येत नव्हती. एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या लोकांच्या चुका काढल्या, नायकानं कुठं बोलायला पाहिजे होतं ते बोट ठेवून दाखवलं. आणि स्वतः पाच आठवडे खिडकीत बसल्यासारखा बसलो होतो. मी पुस्तक मिटलं.

"वहिनी, मुकादमाच्या वहीत तुमचा कोयता मी लिहिला."

"तुमी?"

"मी. त्याचा चष्मा नव्हता. माझ्याकडं दिली वही."

"काय लिव्हलं?"

"दादाचं नाव. पुढं, एक कोयता."

"आन् माझं नाव?"

"नाही लिहिलं."

"कावून?"

"तसा रकाना नव्हता."

वहिनी काही बोलायच्या आत आजी बोलली. "बी.ए.ला रकाना पाडाया शिकवत न्हाईत का रं?"

हसले सगळे, पण मला हसू आलं नाही. त्याच वेळी दादा उठून उभा राहिला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तो वहिनीकडं बघून बोलला, मला मध्ये न घेता. "त्याला कशाला बोलतीस? लिही म्हणून मी म्हणलो. त्यानं लिव्हलं."

"तुमी म्हणला, त्यानं लिव्हलं," वहिनी म्हणाली. "मग तुमा दोघा भावांचाच झाला की एक कोयता. जावा दोघं. भावजी मोळ्या बांधतील."

आता जे हसू फुटलं ते दाव्याला बांधलेल्या बैलांनी माना वर करून पाहण्याइतकं. मला मोळी बांधता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दादाही हसला. हसू रोखायला गेला आणि जास्तच हसला. मग तोंड पुसून खाली बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मला वाटलं, येशील. दर साली येतीस."

"दर साली भावजीचं कालेज हुतं. म्हणून यायची. मला काय तिथं पाचटाच्या कोपीत ऱ्हायची हौस न्हवती. औंदा कशापायी येऊ, सांगा. कारण सांगा, येते."

दादा विचार करत बसला. त्यानं खरंच विचार केला, हे मला आवडलं. नंतर म्हणाला, "कारण न्हाई."

"मग?"

"मग न्हाई."

एवढंच. माझ्या शहरातल्या कादंबरीकारानं याला शेवटची वीस पानं आणि एक पावसाळी रात्र घेतली होती. आमच्याकडं अजून सूर्यही मावळायचा होता.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला बोलावून घेतलं. तो वही छातीशी धरूनच आला. "सायेब, लेखी झालंय. वहीत खाडाखोड चालत न्हाई."

"लेखी मीच केलंय," मी म्हटलं. "माझंच अक्षर आहे, मीच दुरुस्त करतो."

"अर्धा झाला तर मी दुसरा अर्धा कुठनं आणू?"

"चुलतभावाची बायकू बाळंतपनाला माहेरी चाललीय," दादा म्हणाला. "त्यो अजून वहीत न्हाई. त्यो अर्धा, मी अर्धा. झाला तुझा एक."

मुकादम कुरकुरत वही उघडायला लागला. मी "एक" वर रेघ मारून "अर्धा" लिहिलं. सगळ्या सुरेख पानात ती एक ओळ आता घाणेरडी दिसत होती, आणि मला तीच बघत राहावंसं वाटत होतं.

रहस्यकथा आम्ही त्याच संध्याकाळी संपवली. खून फॅमिली डॉक्टरनं केलेला निघाला. मी ही कादंबरी आजही कुणाला सुचवत नाही. लेखक शेवटच्या प्रकरणात डॉक्टरला एकदम आणून उभा करतो, ही फसवणूक आहे. छावणीचंही मत वाईट पडलं, पण कारण वेगळं. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "पलंगाखालच्या त्या दोघांनी समदं बघितलं असणार. त्यांची जबानी कुणी घेतली न्हाई, दुसरं काय."

पुढं थोडंफार पाणी झालं, माळावर हिरवट काहीतरी उगवलं आणि छावणी उठली. दादा दसऱ्यानंतर अर्धा कोयता म्हणून गेला. तिकडून फोन करायचा तेव्हा आधी म्हशीची चौकशी, मग वहिनीची, मग माझी. या क्रमाबद्दल वहिनीला तक्रार नव्हती, मला थोडी होती.

बायकांची दूध संस्था खरंच निघाली. सभासद व्हायचा छापील अर्ज घेऊन वहिनी माझ्यासमोर बसली. मी पेन उघडलं, आणि ह्या वेळी एकही अक्षर न विचारता लिहायचं नाही असं ठरवलं. नाव विचारलं. वय विचारलं, तिनं सांगितलं, मग म्हणाली, "दोन कमी करा." पत्ता तर एकाच घरचा, तोही विचारला.

"भावजी, पत्ता तुमाला ठाव न्हाई?"

"आहे. पण विचारतोय."

"बरं. इचारा मग."

"व्यवसाय काय लिहू?"

"दूध."

"दूध हा व्यवसाय होत नाही, वहिनी. पशुपालन लिहितात. नाहीतर दुग्धव्यवसाय."

"म्हस कुणाची?"

"तुमची."

"धार कोण काढतं?"

"तुम्ही."

"मग लिव्हायचं काय ते तुमी सांगायचं का मी?"

मी लिहिलं: दूध. अक्षर जरा मोठंच आलं.